विज्ञानाच्या पुस्तकाला जोडपान: शब्द ठेवा, वाक्य सोडवा

सातवी ते दहावीच्या विज्ञानाचं एखादं पान मुलांना कळत नाही म्हटलं, की पहिली कुऱ्हाड पडते ती पारिभाषिक शब्दांवर. 'बाष्पीभवन' काढा, 'वाफ होणे' लिहा. 'अपवर्तन' काढा, 'किरण वाकणे' लिहा. हा उपाय सहामाही परीक्षेपर्यंत टिकतो. प्रश्नपत्रिकेत 'अपवर्तन'च छापलेलं असतं आणि मुलाने तो शब्द डोळ्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. शिवाय पान कठीण होतं ते सहसा त्या एका शब्दामुळे नाही, त्याच्याभोवती विणलेल्या वाक्यामुळे. म्हणून इथली रीत उलटी आहे. परिभाषा जागच्या जागी ठेवायची, गाठी सोडवायच्या त्या वाक्याच्या.

यातून तयार होतं ते जोडपान: पुस्तकाच्या दोन पानांसाठी ए-फोर कागदाची एक बाजू. ते पुस्तकाऐवजी वाचायचं नाही, पुस्तकाला लावून वाचायचं. पहिल्या जोडपानाला तीन तास जातील. आठ-दहा झाली की तासाभरात एक होतं. पालघरपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही शाळेत एक शिक्षक, एक पेन्सिल आणि झेरॉक्सचं दुकान एवढ्यावर हे काम चालतं.

आधी अडतं कुठे ते पाहा

शिक्षकाला कठीण वाटतं तेच मुलांना कठीण असतं असं नाही. वर्गातली पाच मुलं निवडा: दोन चांगलं वाचणारी, दोन मध्यम, एक मागे राहणारं. अर्धं पान मनातल्या मनात वाचायला द्या. अर्थ न लागलेल्या शब्दाभोवती गोल, आणि ज्या वाक्यासाठी परत मागे जावं लागलं त्याच्याखाली रेघ. मग पुस्तक मिटायचं आणि वाचलेलं घरी आजीला सांगतोय अशा बोलीत सांगायचं. सांगताना घरची मालवणी किंवा आगरी आली तर अडवू नका. इथे भाषा तपासायची नाही, समज तपासायची आहे. गोल कुठे पडले ते पाहाल तर बरेचसे 'प्रकाशसंश्लेषण'वर नसतात. 'परिणामतः', 'सापेक्ष', 'अनुक्रमे', 'विपुल' यांच्यावर असतात.

दुसरी तपासणी गाळलेल्या शब्दांची. ही चाचणी विल्सन टेलर यांनी अमेरिकेत १९५३ साली मांडली. सुमारे पावणेतीनशे शब्दांचा उतारा घ्या, पहिलं वाक्य अखंड ठेवा, तिथून पुढे दर पाचवा शब्द गाळून सारख्या लांबीची रेघ ठेवा. पन्नास जागा होतील. मूळ शब्द जुळला तरच गुण. साठ टक्क्यांच्या वर गेलेलं मूल ते पान स्वतः वाचू शकतं, चाळीस ते साठमध्ये असलेलं मदतीने वाचतं, चाळीसच्या खाली पान त्याच्या हाताबाहेर आहे. या सीमा इंग्रजीवरून आलेल्या आहेत. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो, तेव्हा 'पाण्याचे'च्या जागी 'पाण्याची' आलं तर गुण द्या. आणि टक्केवारीला फार कवटाळू नका. जोडपान देण्याआधी किती आणि नंतर किती, ही तुलनाच खरी उपयोगाची.

शब्दांचे तीन ढीग

गोल केलेले आणि तुम्हाला स्वतःला खटकलेले सगळे शब्द एका कागदावर उतरवा आणि त्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग परिभाषेचा: संहती, विद्राव्यता, स्तंभिका, जडत्व, आम्लारी. हे शब्द ठेवायचे, आणि पुस्तकात जसे आहेत तसेच ठेवायचे. तुमच्या शाळेच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात 'प्राणवायू' असेल आणि चालू पुस्तकात 'ऑक्सिजन', तर जोडपानावर 'ऑक्सिजन'. एकाच वस्तूला दोन नावं दिली की मूल दोन वस्तू समजतं. सेमी-इंग्रजीच्या वर्गासाठी शब्द आणि अर्थ यांच्या शेजारी तिसऱ्या रकान्यात 'फोटोसिंथेसिस', 'रिफ्रॅक्शन' असे उच्चार द्या.

परिभाषेतला शब्द फोडून दाखवता आला तर सोन्याहून पिवळं. 'आम्लारी' हा आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. दोघं एकत्र आले की एकमेकांचा गुण मारतात, म्हणजे उदासिनीकरण अर्ध्याहून अधिक तिथेच समजलं. 'बाष्पीभवन'मधलं 'भवन' म्हणजे इमारत नाही, 'होणं'. हे सांगितलं नाही तर बऱ्याच मुलांच्या डोळ्यांसमोर ग्रामपंचायत भवन उभं राहतं. पण प्रत्येक शब्द फोडायला जाऊ नका. 'संप्लवन' फोडलंत तर हाती 'प्लव', म्हणजे तरंगणं लागतं, आणि कापूर तरंगतो असा भलताच समज होतो. तिथे कापराची वडी आणि घट्ट झाकणाची डबी पुरे.

दुसरा ढीग पुस्तकी शब्दांचा. 'सदर', 'तद्वत', 'उद्भवते', 'प्रामुख्याने', 'विपुल'. हे बेधडक बदला. त्यांना परीक्षेत गुण नसतात. एकट्या 'अनुक्रमे'कडे मात्र लक्ष द्या. 'अ, ब आणि क यांची घनता अनुक्रमे इतकी, इतकी आणि इतकी आहे' या वाक्यात वाचणाऱ्याला तीन नावं डोक्यात धरून पुढे जावं लागतं आणि मग मागे येऊन जोड्या लावाव्या लागतात. तीन ओळींचा तक्ता केलात की प्रश्न संपला.

तिसरा ढीग सगळ्यांत धोक्याचा, कारण त्यावर एकही गोल पडलेला नसतो. हे ओळखीचे पण फसवे शब्द. बाजारात आपण 'दोन किलो वजनाची सुरमई' म्हणतो. विज्ञानाच्या पानावर दोन किलो हे तिचं वस्तुमान, आणि वजन सुमारे १९.६ न्यूटन. 'कार्य' घ्या. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने कोस-दीड कोस चालणाऱ्या बाईच्या, पाटी पेलणाऱ्या बलाकडून शून्य कार्य झालं, असं पुस्तक म्हणतं. वर्गातल्या मुलीची आईच ते काम करत असेल तर तिला हे चूक नव्हे, अन्यायाचं वाटेल. जोडपानावर सरळ लिहा: 'इथे कार्य म्हणजे मेहनत नाही. बल आणि बलाच्याच दिशेने झालेलं विस्थापन यांचा गुणाकार. पाटीला आधार देणारं बल वरच्या दिशेला, चालणं आडव्या दिशेला.' 'चाल' आणि 'वेग', 'उष्णता' आणि 'तापमान', 'क्षार' आणि 'मीठ' या जोड्याही याच ढिगात.

आणि 'घन'. हा एकटा शब्द अर्धा तास खातो. घनरूप म्हणजे स्थायू, घन सेंटिमीटर म्हणजे आकारमानाचं एकक, घनता म्हणजे दर एकक आकारमानातलं वस्तुमान, आणि प्रकाशाच्या प्रकरणात 'घन माध्यम' म्हणजे ज्यात प्रकाश तुलनेने सावकाश जातो ते. तिथे हवेच्या मानाने पाणी घन माध्यम ठरतं, आणि पाणी घन कसं, ते तर द्रव, हा प्रश्न विचारणारं मूल हुशार आहे असं समजा. भरीला झेरॉक्स फिकट निघाली की 'धनप्रभार'चा 'घनप्रभार' होतो. ध आणि घ मध्ये फरक एवढाच की घ ची शिरोरेघ अखंड असते. जोडपानावर 'धन (+)' आणि 'ऋण (–)' असं चिन्हासकट लिहायचं ते यासाठी.

वाक्य सोडवणं

पुस्तकी घडणीचं एक वाक्य नमुन्यादाखल इथेच रचू:

'सूर्याच्या उष्णतेमुळे मिठागरातील समुद्रजलाचे बाष्पीभवन होऊन त्यातील क्षारांची संहती वाढत जाते व ती विद्राव्यतेच्या मर्यादेपलीकडे गेल्यावर त्यांचे स्फटिकीभवन होते.'

एकोणीस शब्द, चार पारिभाषिक संज्ञा, तीन सर्वनामं आणि चार घटना. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे 'होते'पर्यंत पोचेस्तोवर सगळं डोक्यात तोलून धरावं लागतं. सोडवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी घटना मोजा आणि त्या घडण्याच्या क्रमाने लावा. प्रत्येक घटनेला स्वतंत्र वाक्य आणि चालतंबोलतं क्रियापद द्या. 'चे बाष्पीभवन होऊन' यात क्रिया नामात गोठली आहे, ती 'वाफ होते' अशी मोकळी करा. मग 'त्यातील', 'ती', 'त्यांचे' यांच्या जागी मूळ नाम घाला. सगळ्यात शेवटी, गोष्ट कळल्यावर, तिचं नाव सांगा:

'मिठागराच्या कोंडीत समुद्राचं पाणी साठवतात. उन्हाने त्या पाण्याची वाफ होते. याला बाष्पीभवन म्हणतात. वाफ होऊन पाणी उडतं, पण मीठ मागेच राहतं. त्यामुळे उरलेलं पाणी अधिकाधिक खारट होतं, म्हणजेच मिठाची संहती वाढते. ठरावीक पाण्यात ठरावीकच मीठ विरघळतं. ही मर्यादा म्हणजे विद्राव्यता. पाणी त्याहून कमी झालं, की जास्तीचं मीठ खड्यांच्या रूपात बाहेर पडतं. याला स्फटिकीभवन म्हणतात.'

मजकूर जवळपास तिप्पट झाला. होऊ द्या. सोपं म्हणजे आखूड नव्हे. वाक्य दहा-बारा शब्दांचं, एका वाक्यात एकच नवी संज्ञा आणि एका जोडपानावर नव्या संज्ञा सहाच्या आत, एवढी मोजपट्टी पुरते. त्याहून जास्त संज्ञा असतील तर दोन जोडपानं करा.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे वाक्यं तोडण्याच्या भरात 'म्हणून', 'कारण', 'त्यामुळे', 'पण' हेही छाटून टाकणं. 'पाण्याची वाफ होते. मीठ राहतं. पाणी खारट होतं.' दिसायला सुटसुटीत, पण कशामुळे काय झालं ते गेलं. विज्ञानाच्या पानावर कार्यकारण हाच तर माल असतो. वरच्या नमुन्यातलं 'त्यामुळे' झाकून वाचून पाहा. एक वेळ वाक्य पंधरा शब्दांचं झालं तरी चालेल, जोडणारा शब्द राहिला पाहिजे.

दुसरी अडचण लांबलचक विशेषणांची: 'विरल माध्यमातून घन माध्यमात तिरकस प्रवेश करणाऱ्या प्रकाशकिरणाचे स्तंभिकेकडे झुकणे'. सात शब्द गेल्यावर कळतं की विषय किरणाचा आहे. किरण आधी आणा: 'एक प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरतो. तो तिरका शिरला तर पृष्ठभागाशी त्याची दिशा बदलते. तो स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेकडे, झुकतो.' मग उदाहरण: काठावरून सरळ खाली पाहिलं तर चार मीटर पाण्याची विहीर सुमारे तीनच मीटर खोल भासते, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. पोहायला न येणाऱ्यासाठी हा आकडा नुसता गुणांचा नाही.

आकडे, चिन्हं आणि गावातली उदाहरणं

सूत्र आधी शब्दांत, मग चिन्हांत. 'अंतिम वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक दर सेकंदाला वाढणारा वेग गुणिले सेकंद', आणि त्याखाली 'व्ही = यू + ए × टी'. चिन्हांची एक चौकट हवीच, कारण 'जी' हे अक्षर लहान लिपीत कधी ग्रॅम असतं, कधी गुरुत्व त्वरण, आणि मोठ्या लिपीत गुरुत्व स्थिरांक.

आकडा आला की त्याला हातात धरता येईल असं काहीतरी द्या. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं खाण्याचं मीठ साधारण २७ ग्रॅम. १०० मिलिलिटर पाण्यात मीठ विरघळतं सुमारे ३६ ग्रॅम. म्हणजे लिटरभर पाणी आटून जवळपास दहावा हिस्सा उरेपर्यंत मिठाचा खडा पडायला सुरुवात होत नाही. १९३०च्या सत्याग्रहामुळे नाव झालेल्या शिरोड्याच्या मिठागरात पाणी इतके दिवस का धरून ठेवतात, त्याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. वर्गात करायचं तर पसरट स्टीलच्या थाळीत समुद्राचं १०० मिलिलिटर पाणी घ्या, मार्च-एप्रिलच्या उन्हात ठेवा, वरून विरळ कापड बांधा. तळाशी साडेतीन ग्रॅमच्या आसपास उरेल. पावसाळ्यात हा प्रयोग दोन्हीकडून फसतो: नदीच्या पाण्यामुळे खाडी गोडसर झालेली असते, आणि हवा दमट असल्यामुळे उरलेले क्षार, विशेषतः मॅग्नेशियम क्लोराइड, ओल ओढून घेत राहतात.

गावातलं उदाहरण घालताना ते पुस्तकातल्या कल्पनेशी सांध्यासांध्याने जुळतं का, ते तपासा. दाबासाठी जांभ्याचा चिरा उत्तम. ओल्या वाळूवर आडवा ठेवा, मग उभा. वजन तेच, क्षेत्रफळ कमी, खड्डा खोल. भरती-ओहोटीसाठी किनाऱ्यावर चालत आलेला हिशोब वापरा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे मुलांना पुस्तकाआधी इथेच सापडतं. पाऊण तास आणि पन्नास मिनिटं यांतला फरक मुद्दाम काढायला लावा. 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द किनाऱ्यावरच्या घरांतून येतात आणि भूगोलाच्या पुस्तकातही तेच आहेत. अशी आयती जोडणी वाया घालवू नका.

उलट, आम्ल-आम्लारीच्या पाठात 'आंबट ते आम्ल' चालतं म्हणून 'कडू ते आम्लारी' लिहिलंत की कारलं आडवं येतं. दर्शक म्हणून कोकमाचं आगळ वापरण्याचा मोह इथे हमखास होतो. आगळ स्वतःच इतकं आंबट असतं की त्यात टाकलेला चिमूटभर खाण्याचा सोडा फसफसून संपतो आणि रंग जेमतेम हलतो. त्याऐवजी लाल जास्वंदीच्या चार-पाच फुलांच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि गाळा. लिंबाच्या थेंबांनी ते गडद गुलाबी-लाल होतं, सोड्याच्या पाण्याने हिरवट. फळांची-झाडांची नावं देताना रातांबा आणि भिरंड (दोन्ही म्हणजे कोकमाचं फळ) दोन्ही लिहा. कुठे एक, कुठे दुसरं ऐकू येईल. व्याख्या मात्र प्रमाण मराठीत, कारण ती उत्तरपत्रिकेत जायची असते.

आकृती

बाण हा आकृतीतला सर्वांत गैरवापर होणारा घटक. एकाच चित्रात बाणाने बलाची दिशा, प्रवाहाची दिशा आणि भागाचं नाव अशी तीन कामं घेतलेली असतात. नावासाठी बाण नको, साधी रेघ. नाव आडवं लिहायचं, चित्राच्या शेजारी. अ, ब, क देऊन खाली यादी नको. रंगावर विसंबू नका. झेरॉक्समध्ये लाल धमनी आणि निळी शीर दोन्ही करड्या होतात. एक अखंड रेघेने, दुसरी तुटक रेघेने.

कागद आणि छपाई

अक्षर १४ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्यामुळे अंतर कमी झालं की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. ओळी डाव्या बाजूला जुळवा, दोन्हीकडे ताणू नका. लांब शब्दांमुळे मध्ये भगदाडं पडतात. फाँट युनिकोडमधला घ्या: 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी'. श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या पद्धतीत टंकलेली फाइल तो फाँट नसलेल्या दुकानातल्या संगणकावर उघडली की निव्वळ गिचमिड दिसते, आणि हे कळतं ते नेमकं चाचणीच्या आदल्या दिवशी. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. त्या पाहायला घ्या. मजकूर मात्र आपल्या शब्दांत लिहा. पानंच्या पानं उचलून डकवली तर हक्काचा प्रश्न येतो आणि वाक्याची गाठही तशीच राहते.

वर्गात वापरताना क्रम असा ठेवा: आधी प्रयोग किंवा वस्तू, मग जोडपान, आणि त्याच तासात पुस्तकातलं मूळ पान. तिसरी पायरी गाळली तर जोडपानाचं गाईड होतं आणि पुस्तक दप्तरात कोरं राहतं. दोन-तीन प्रकरणांनंतर एखादं वाक्य मुद्दाम न सोडवता ठेवा आणि खाली लिहा: 'यात घटना किती? क्रमाने लिहा.' मुलांनी सोडवलेली वाक्यं पुढच्या वर्षीच्या जोडपानात घ्या. ती तुमच्यापेक्षा बरी असतील. गाळलेल्या शब्दांची चाचणी मूळ पानावरच पुन्हा घ्या, पंधरा दिवसांनी आणि वेगळ्या शब्दापासून सुरुवात करून.

साठवणुकीचं तेवढं जूनच्या आत उरका. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते, झेरॉक्सची पसरत नाही. तेव्हा मूळ प्रत कशीही काढा, मुलांच्या प्रती झेरॉक्सच्या. पुस्तकात पानं खळीने चिकटवू नका. खळीवर आधी बुरशी येते, मग झुरळं. डाव्या कडेला दोन भोकं पाडून दोऱ्याने ओवा, आणि वर्गाचा संच भिंतीला न टेकवता तारेवर टांगा.